भोक राहू द्या, फट बुजवा

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या हार्डवेअर दुकानांत शिरल्याशिरल्या दोन ढीग दिसतात. एक हॅलोवीनच्या प्लास्टिकच्या सांगाड्यांचा. दुसरा फोमचे डबे, सीलंटच्या नळ्या आणि दाराखिडक्यांना चिकटवायच्या रबरी पट्ट्यांचा. पोरं पहिल्या ढिगापाशी किंचाळत असतात. मोठी माणसं दुसऱ्या ढिगापाशी गंभीर चेहऱ्याने उभी असतात आणि चष्मा कपाळावर चढवून डब्यावरचा बारीक मजकूर वाचत असतात. थंडी अजून आलेली नसते, झाडं लालपिवळी झालेली असतात, दुपारी नुसत्या शर्टावर फिरता येतं. पण गावाला घोर एकाच गोष्टीचा लागलेला असतो: यंदा वारा कुठून शिरणार?

हा घोर समजायला दोन आकडे पुरेत. जानेवारीत इथल्या रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता. त्या थंडीत मिनेसोटा राज्यातल्या एका मोठ्या गॅस कंपनीने ग्राहकांना हात जोडले होते, की बाबांनो, थर्मोस्टॅट १७ अंशांवर आणा, गॅस पुरवताना नाकी नऊ आलेत. घरात वीस अंश, बाहेर उणे ३३, आणि मध्ये हातभरही जाडी नसलेली लाकडी भिंत. अशा दिवशी बोटभर फटीसमोरही पाय ठरत नाही.

मुळात घराला इतकी भोकं असतात हे इथे घर घेईपर्यंत ध्यानात येत नाही. कपडे वाळवायच्या ड्रायरची दमट हवा बाहेर टाकणारा चार इंची पाइप. बाथरूमच्या छतातल्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप. स्वयंपाकघरातल्या हूडचा. जुन्या वॉटर हीटरचं पत्र्याचं धुराडं. घर तापवणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्नेसचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप, एक हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. संडास-बाथरूमच्या नळाचा छतावर निघणारा वायुपाइप. जमिनीतला रेडॉन वायू उपसून छपरावर सोडणारा आणखी एक, कारण मिनेसोटात पाचांतल्या दोन घरांत रेडॉन धोक्याच्या रेषेवर आढळतो. शिवाय गॅसची नळी, एसीची नळी, विजेची केबल, अंगणातल्या नळाचा पाइप. प्रत्येकासाठी भिंतीला किंवा छताला एक भोक. यातलं एकही भोक उगाच नाही. भांडण भोकाशी नसतंच, ते असतं भोकाभोवतीच्या फटीशी.

कारागीर चार इंची पाइपासाठी चार इंची भोक पाडत नाही. पाइप सहज सरकावा म्हणून तो पाच इंची पाडतो आणि बाहेरून एक सुबक झाकण लावून मोकळा होतो. आता हिशेब करा. पाच इंची वर्तुळातून चार इंची वर्तुळ वजा केलं की सात चौरस इंच उरतात. म्हणजे बाजूने अडीच इंचांहून मोठा असा चौकोन भिंतीला कापून ठेवल्यासारखं झालं. तो नजरेला पडत नाही, कारण तो अर्ध्या इंचाचं कडं होऊन पाइपाच्या भोवती बसलेला असतो. अशी दहाबारा कडी एका घरात असली की खिडकी बंद करून काही फायदा नाही. छोट्या खिडकीएवढी जागा उघडीच आहे.

आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी, सांगलीच्या दुमजली घरात उभा जन्म काढलेल्या बाईंनी, मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "अगं, एवढं सगळं बुजवून बसता, मग श्वास कुठून घेता?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडचं घर वाऱ्याला बोलावून बांधलेलं असतं. न्हाणीघराच्या भिंतीत वर काचेच्या पट्ट्यांचा झरोका, स्वयंपाकघरात एक्झॉस्टचं गोल भोक, दारांवर तावदानं. कोकणातल्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतूनच वाट काढतो, त्याला कुणी धुराडं करून दिलेलं नसतं. वारा येतोजातो म्हणून घर राहण्यालायक होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाला फट हा दोष वाटायला वेळ लागतो.

पण थंड मुलखात वाऱ्याची चाल निराळी असते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्याच्या तळाशी सापडेल त्या फटीतून निसटते. जेवढी हवा वरून गेली तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी; ती तळघरातल्या फटींतून येते. बाहेर जेवढी कडक थंडी, तेवढा हा ओढा जोरदार. त्यामुळे पाय गारठले म्हणून तळमजल्यावर गालिचा टाकणाऱ्या माणसाचा शत्रू बऱ्याचदा दोन मजले वर, बाथरूमच्या पंख्याच्या डब्याशेजारी दडलेला असतो. वरची फट बुजली की खालचा वारा आपोआप मंदावतो. म्हणून इथले जाणते लोक कामाला सुरुवात माळ्यापासून करतात, मग तळघर, आणि खिडक्या सगळ्यात शेवटी. खिडक्या विकणारे अर्थातच उलटा क्रम सांगतात.

वरून निसटलेल्या याच उबेचा दुसरा प्रताप छपराच्या कडेला दिसतो. माळा गरम झाला की छपरावरच्या बर्फाचा खालचा थर वितळतो, पाणी उताराने कडेपर्यंत येतं आणि तिथे, घराच्या बाहेर आलेल्या गार पट्टीवर, पुन्हा गोठतं. तिथे बर्फाचा बांध तयार होतो, मागे पाणी साचतं आणि ते शिंगल्सच्या खालून घरात झिरपतं. भारतातून नुकताच आलेला पाहुणा पागोळ्यांच्या जागी लटकणारे हातहातभर लांबीचे बर्फाचे सुळके पाहून हरखतो आणि फोटो काढतो. घरमालकाच्या पोटात त्याच सुळक्यांनी गोळा येतो. मग वाफेचा पाइप घेऊन छपरावर चढणारे लोक बोलवायचे, कडेला विजेच्या तापणाऱ्या तारा लावायच्या, कुऱ्हाडीने ठोकाठोक करून शिंगल्सच फोडायच्या, असे उद्योग चालतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मूळ दुखणं माळ्यात, एखाद्या पाइपाच्या कड्यात बसलेलं असतं.

हे शास्त्रही फार जुनं नाही. १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मंडळींनी रॉबर्ट सोकोलो यांच्या नेतृत्वाखाली न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीतली घरं मोजायला घेतली. माळ्यावर ऊब अडवणारी काचलोकर अंथरलेली, कागदावर हिशेब चोख, तरी माळ्यातून जाणारी उष्णता हिशेबापेक्षा कितीतरी पट जास्त निघाली. शोधता शोधता उत्तर सापडलं: फर्नेसच्या धुराड्याभोवती तळघरापासून माळ्यापर्यंत मोकळी ठेवलेली पोकळी, भिंतींच्या आतले पोकळ भाग, अशा चोरवाटांनी ऊब काचलोकरीला वळसा घालून निघून जात होती. १९७८ च्या आसपास हे काम लोकांसमोर मांडणाऱ्यांत यान बेया यांच्या बरोबरीने गौतम दत्त हे आपल्या ओळखीच्या वळणाचं नावही आहे. तोवर जो तो थर जाड करा म्हणत होता. या मंडळींनी दाखवलं, की आधी वाट बंद करा, मग थर घाला.

फटी मोजायचं साधन स्वीडनमधून आलं. दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून बसवायचा, त्यात मोठा पंखा लावायचा आणि घरातली हवा बाहेर ओढायची. आतबाहेरच्या दाबातला फरक ५० पास्कलवर आणायचा, म्हणजे घरावर चहूबाजूंनी ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाचा वारा सुटल्यासारखं होतं. पंख्यातून मिनिटाला जेवढे घनफूट हवा जाते, तेवढं घर गळतं. याला ब्लोअर डोअर म्हणतात. आणि या यंत्राचा जो नमुना जगभर वापरला जातो त्याचं नावच 'मिनियापोलिस ब्लोअर डोअर' आहे. तो याच गावातली एक कंपनी ऐंशीच्या दशकापासून बनवते. थंडीने गांजलेल्या गावाने गळती मोजायचं यंत्र जगाला विकावं, यात नवल नाही. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत आता नव्या घराची ही परीक्षा सक्तीची आहे: ५० पास्कलच्या दाबाखाली घरातली सगळी हवा तासाला तीनपेक्षा जास्त वेळा बदलता कामा नये. शंभर वर्षांपूर्वीची बंगली अशा परीक्षेत दहाच्याही पुढे जाते.

आमच्या घराची परीक्षा घ्यायला आलेला तंत्रज्ञ तरुण होता, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचा पणतू. पंखा सुरू झाल्यावर घरभर सूं सूं सुरू झालं. त्याने खिशातून धूर सोडणारी पेन्सिल काढली आणि संपलेली दिसल्यावर जरा ओशाळला. मी देवघरातून उदबत्ती आणून दिली. इथल्या ऊर्जा खात्याच्या सल्ल्यातही फटी शोधायला उदबत्तीच सुचवलेली आहे, हे त्याला ठाऊक होतं; मोगऱ्याची मात्र त्याने पहिल्यांदाच हातात धरली. ड्रायरच्या पाइपापाशी उदबत्ती नेली तर सरळ वर जाणारी धुराची रेघ एकदम आडवी झाली आणि तुटली. बाथरूमच्या पंख्याच्या जाळीपाशी धूर छताला चिकटून पसरला. गरम हवेचे झरोके जमिनीत जिथे बसवले आहेत, तिथे पत्र्याचा डबा आणि लाकडी फरशी यांच्या मधल्या बारीक भेगेतूनही धूर नाचला. तास-दीड तासात घरातल्या सगळ्या चोरवाटांवर त्याने निळ्या टेपचे तुकडे चिकटवले, आणि घर गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं.

मग तो माळ्यावर चढला, मागोमाग मी. काचलोकरीचा गुलाबी थर सगळीकडे सारखा पसरलेला, पण मध्येमध्ये काळे डाग. मला वाटलं बुरशी असेल. त्याने हातमोज्याने थर उचलून दाखवलं: बरोबर डागाखाली पंख्याच्या डब्याची फट, दुसऱ्या डागाखाली वायुपाइपाचं भोक. वर्षानुवर्षं घरातली हवा त्यातून वर गेली आणि तिच्यातली काजळी, धूळ, फोडणीचा धूर काचलोकरीत अडकला. काचलोकर ही चहाच्या गाळणीच्या जातीची: गाळ धरून ठेवते, पाणी अडवत नाही. नुसत्या काचलोकरीचे बोळे फटीत कोंबून काम झालं असं समजणाऱ्या सगळ्यांनी एकदा आपला माळा बघून यावा.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसली. छपराच्या लाकडी फळ्यांतून खाली डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरा दहिवर जमला होता, प्रत्येक टोकावर वाटाण्याएवढा गोळा. पूर्वीच्या मालकाच्या कंत्राटदाराने बाथरूमच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर न काढता माळ्यातच मोकळा सोडला होता. रोजच्या आंघोळींची वाफ थेट तिथे जायची, खिळ्यांवर गोठायची आणि फेब्रुवारीत एखादा ऊबदार दिवस आला की एकदम वितळून छतातून ठिबकायची. असं पाणी ठिबकलं की लोक छपरवाल्याला बोलावतात. छप्पर धडधाकट असतं. गळत असते ती आंघोळीची वाफ.

आता बुजवायचं कसं. इथे सगळ्या फटींना एक औषध चालत नाही, आणि एम-सीलच्या गोळीवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे मुद्दाम सांगायला हवं. पाव इंचापर्यंतची भेग असेल तर सीलंट पुरतो. त्याहून रुंद कडं असेल तर डब्यातला फोम. तो फुगतो, म्हणून कड्याच्या निम्म्यापर्यंतच सोडायचा आणि थांबायचं. हाताला लागला तर चार दिवस निघत नाही, म्हणून हातमोजे. जमिनीलगतच्या भोकांत आधी तांब्याची जाळी ठासायची, कारण पाव इंचाच्या फटीतून उंदीर आत येतो आणि फोम तो आनंदाने कुरतडतो. तीनचार इंचांची पोकळी असेल तर ताठ फोमचा तुकडा गोल कापून बसवायचा आणि त्याच्या कडा सील करायच्या. हे झाल्यावर वर काचलोकर किंवा दगडी लोकर. बाथरूमच्या पंख्याचा पाइप माळ्यातून जात असेल तर त्याला स्वतःचं लोकरीचं आवरण हवं, नाहीतर आतल्या वाफेचं पाणी होऊन ते पंख्यातूनच डोक्यावर टपकतं. शिवाय तो छपराबाहेर निघायलाच हवा.

धुराड्याची गोष्ट वेगळी. वॉटर हीटरचा किंवा जुन्या फर्नेसचा पत्र्याचा पाइप तापतो. दुहेरी पत्र्याच्या पाइपापासून लाकूड किमान एक इंच लांब असावं, विटांच्या धुराड्यापासून दोन इंच, असा नियम आहे. ही मोकळी जागा आगीसाठी सोडलेली असते. तिच्यात फोम भरणं म्हणजे घरात काडी ठेवणं. डब्यातला फोम पेट घेतो. 'आग रोखणारा' म्हणून विकला जाणारा केशरी फोमही धुराड्यालगत चालत नाही. तिथे पत्र्याच्या दोन अर्धगोल चकत्या कापून पाइपाभोवती बसवायच्या, त्यांच्या फटी उष्णता सोसणाऱ्या सीलंटने भरायच्या, आणि काचलोकर पाइपाला टेकू नये म्हणून पत्र्याचं कुंपण उभं करायचं. ट्विन रिव्हर्समधली मोठी चोरवाट हीच होती, आणि आजही घरोघरी हीच उघडी सापडते, कारण तिला हात लावायला लोक घाबरतात. घाबरावंच, पण सोडून देऊ नये.

पाइपांच्या जोडांवर राखाडी कापडी डक्ट टेप गुंडाळून ठेवायची सवय तर अमेरिकाभर आहे. नावातच डक्ट असल्यावर कोण शंका घेणार? १९९८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी निरनिराळे टेप गरम-गार हवेत टिकतात का हे तपासलं, आणि सगळ्यांत आधी दगा दिला तो कापडी डक्ट टेपने. जोडांसाठी ॲल्युमिनियमचा टेप किंवा मास्टिकचा लेप वापरावा. ड्रायरच्या पाइपात स्क्रू आतपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, कारण त्यांना कपड्यांचा भुसा अडकतो आणि भुसा पेटतो. त्याच कारणाने त्या पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला जाळी लावायची नाही. पक्षी घरटं करतील अशी धास्ती असेल तर आपोआप मिटणारी झडप लावायची आणि दर शरदात ती बोटाने हलवून बघायची.

बुजवायचं नाही ते कोणतं, ही यादी बुजवायच्या यादीपेक्षा महत्त्वाची. छपराच्या पडवीखालची जाळीदार भोकं माळ्याला गार आणि कोरडा ठेवतात. ती उघडी हवीत, उलट काचलोकर सरकून ती झाकली जाऊ नयेत म्हणून मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे बसवतात. फर्नेसचे दोन पांढरे पाइप कधीच झाकायचे नाहीत. हिमवादळानंतर आधी तेच मोकळे करायचे, मग गाडीची वाट. आमच्या गल्लीतले ऐंशीच्या घरातले आजोबा फावडं घेऊन निघतात ते थेट शेजारणीच्या घराच्या कडेला जातात आणि तिचे पाइप उकरून काढतात. तिच्या अंगणातला रस्ता नंतर.

आणि मुंबई-पुण्याहून आलेल्यांना न सुचणारा एक इशारा: माळ्यावर सोनेरी-करड्या, चकाकत्या खड्यांचा थर दिसला तर खाली उतरा आणि दार लावा. तो व्हर्मिक्युलाइट असतो. तो बहुतांशी मोंटानातल्या लिबी गावच्या खाणीतून यायचा, आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉस मिसळलेला होता. ईशान्य मिनियापोलिसमधल्या एका कारखान्यात १९३८ ते १९८९ पर्यंत हा माल भाजला जात होता. त्याची उरलेली भुकटी लोकांनी फुकट मिळते म्हणून अंगणात, बागेत नेऊन टाकली, आणि पुढे सरकारला ती घरोघरी उपसावी लागली. असा थर ढवळायचा नाही. ते काम परवाना असलेल्यांचं.

आता आपल्या खास दुखण्याकडे येते: फोडणी. इथल्या कित्येक घरांतला स्वयंपाकघरातला हूड वास बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या चाळणीतून फिरवून पुन्हा तोंडावर सोडतो. पास्ता उकळणाऱ्यांचं त्यावर भागतं. मिरचीचा ठेचा आणि सुकट करणाऱ्यांचं भागत नाही. म्हणून नवं घर बांधणारे आपले लोक आधी मोठ्या चिमणीची चौकशी करतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मेपल ग्रोव्ह या उपनगरात घर बांधत असलेल्या एक वहिनी मला विचारत होत्या, "बाराशेची बसवू म्हणतेय, म्हणजे शेजाऱ्यांना कळणारसुद्धा नाही. चालेल ना गं?"

"वहिनी, बाराशे घनफूट हवा दर मिनिटाला बाहेर फेकलीत तर तेवढी आत कुठून घ्याल?"

"येईल की कुठूनतरी."

हे 'कुठूनतरी' जीवघेणं ठरू शकतं. घर घट्ट झालेलं असतं. बाकी वाटा बंद असल्या की हवा सर्वांत सोप्या वाटेने येते, आणि ती वाट बहुधा वॉटर हीटरचं धुराडं असते. वर जायचा धूर उलटा फिरून तळघरात उतरतो, सोबत कार्बन मोनॉक्साइड घेऊन. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणूनच चारशे घनफुटांपेक्षा मोठा हूड बसवला तर बदली हवा आत आणणारी स्वतंत्र सोय करावी लागते, असा नियम आहे. आमच्या तंत्रज्ञानेही सगळं बुजवून झाल्यावर घरातले सगळे पंखे, हूड आणि ड्रायर एकदम चालू केले, दारं लावली आणि उदबत्ती वॉटर हीटरच्या छत्रीपाशी धरली. धूर आत ओढला गेला, म्हणजे धुराडं बरोबर दिशेने चाललेलं होतं. तो उलटा आला असता तर बुजवलेल्या घराला आधी स्वतंत्र हवा द्यावी लागली असती. ही शेवटची पाच मिनिटांची तपासणी केल्याशिवाय जो कंत्राटदार बिल हातात ठेवतो, त्याला पैसे देऊ नयेत.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. श्वास घ्यायचाच, पण नाक कुठे असावं हे आपण ठरवायचं. नव्या घरांत एक यंत्र बसवतात. ते घरातली शिळी हवा बाहेर टाकतं, बाहेरची ताजी आत आणतं, आणि वाटेत जाणाऱ्या हवेची बरीचशी ऊब येणाऱ्या हवेला देतं. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत मात्र नाहीत. जुन्या घरात बाथरूमचा चांगला पंखा दिवसातून ठरावीक वेळ चालवला तरी पुष्कळ काम होतं. फटीतून येणारा वारा ताजा असतो हा समजही काढून टाकावा. तो भिंतीतल्या धुळीतून, उंदरांच्या लेंड्यांवरून, तळघरातल्या ओलीतून येतो, आणि हवा तेव्हा येत नाही. कडाक्याच्या थंडीत भसाभसा येतो. मे महिन्यात, खरी गरज असते तेव्हा, त्याचा पत्ता नसतो.

ज्यांना हे सगळं परदेशातलं कौतुक वाटेल त्यांनी पुण्या-मुंबईच्या आपल्याच फ्लॅटमधला एसी बघावा. भिंतीला पाडलेलं मोठं भोक, त्यातून गेलेली तांब्याची नळी, भोवती वर्तमानपत्राचा बोळा किंवा उडत चाललेलं पीओपी. दिवसभर एसी चालतो, बिल येतं, आणि शेजारी बाथरूमचा झरोका सताड उघडा असतो. पावसाळ्यात त्याच कड्यातून भिंतीला ओल येते आणि झुरळंही तिथूनच येतात. तिथे एक पीव्हीसीची कॉलर आणि थोडा सीलंट पुरतो. फक्त बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर त्या खोलीचा झरोका अजिबात बंद करू नका. बंद बाथरूममधल्या गीझरने माणसं गुदमरल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, त्यामागे कार्बन मोनॉक्साइडच असतो.

मिनेसोटात प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. जिथे कायदा नाही तिथेही हा अलार्म बाजारात मिळतो आणि त्याची किंमत फोमच्या चारपाच डब्यांएवढीच असते. तेव्हा घर कुठेही असो, आधी अलार्म लावा, मग फटी बुजवा. हा क्रम उलटा करू नका.